एक्स-रेवाल्याची मोटारसायकल

मोटारसायकलवरून पडणारा माणूस आधी हात पुढे करतो. मनगटात काजूएवढं एक हाड असतं, बहुतेक वेळा तेच जातं. माणूस जरा कडेला पडला तर खांद्याजवळची कॉलरबोन जाते. गाडी पायावर आली तर नडगी. आणि डोक्यावर हेल्मेट नसलं तर जो फोटो निघतो, त्याबद्दल मास्तर घरी कधी बोलत नसत.

पेशंट एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून ते फोटोमास्तर. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. शिशाच्या काचेमागे उभं राहायचं आणि काचेपलीकडच्या माणसाला सांगायचं, "श्वास घ्या. धरून ठेवा." बटण दाबायचं. "सोडा." ही तीन वाक्यं त्यांच्या तोंडात इतकी बसली होती, की एकदा घरात पाहुण्यांचा ग्रुप फोटो काढताना मोबाइल हातात धरून ते सगळ्यांना म्हणाले होते, "श्वास घ्या." सगळ्यांनी घेतलाही होता.

अशा माणसाला शेहेचाळिसाव्या वर्षी मोटारसायकल घ्यावी लागली.

झालं असं, की इस्पितळाचा अपघात विभाग गावाबाहेर, बायपासच्या पलीकडे नव्या इमारतीत गेला. इमारत झकास होती. मशीन नवं कोरं होतं, चित्र तीन सेकंदांत पडद्यावर उमटायचं. फक्त तिकडे पहिली बस आठ वाजता जायची आणि मास्तरांची ड्यूटी सातला सुरू व्हायची. भाड्याचं वाहन त्या वेळी तिकडे यायला तयार नसे. परतीला माणूस मिळत नाही म्हणे. विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, मास्तरांना बोलावून घेतलं.

"रात्रभरात आलेले लोक सातला तुमची वाट बघत बसलेले असतात," मॅडम म्हणाल्या. "मला सात म्हणजे सात हवेत. एक महिना बघू. जमलं तर मशीन तुमचं. नाही जमलं तर जुन्या इमारतीत रेकॉर्ड रूममध्ये जागा आहे, तिथे दहाला आलात तरी चालेल."

"रेकॉर्ड रूममध्ये काय करायचं?"

"जुन्या फिल्म लावायच्या. क्रमाने."

मास्तरांनी रेकॉर्ड रूम पाहिली होती. तिथे खिडकी नव्हती, मशीन नव्हतं, आणि श्वास धरायला माणूसही नव्हता. ते मॅडमना म्हणाले, "जमेल."

गाडी मेहुण्याने निवडली. मेहुणा वायरमन होता, स्वतःच्या गाडीवर शिडी बांधून गावभर हिंडायचा. त्याने शंभर सीसीची, राखाडी रंगाची, कुणाच्याही नजरेत भरणार नाही अशी गाडी आणून दारात उभी केली.

"दाजी, ही गाडी नाही, गाय आहे," तो म्हणाला. "मारणार नाही. पळणारही नाही फार. तुमच्यासारख्यालाच केलीये कंपनीने."

"माझ्यासारख्याला म्हणजे?"

"म्हणजे सभ्य माणसाला हो!"

मास्तरांची बायको गॅलरीतून बघत होती. ती खाली येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून गेली आणि एवढंच म्हणाली, "हिला आरसे दोन आहेत ना? दोन्हींत बघत जा."

तीन रविवार शाळेच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी झाली. मेहुणा मागे बसायचा आणि खांद्यावरून सूचना द्यायचा. "क्लच धरा. गिअर टाका. आता सोडा. हळू! दाजी, झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतो ना आपण, तसा सोडायचा क्लच." मास्तरांना मूल नव्हतं. त्यांनी कुणाच्याही मानेखालून हात काढलेला नव्हता. क्लच फटकन सुटायचा, गाडी उडी मारून बंद पडायची, आणि मेहुण्याचं हेल्मेट मागून मास्तरांच्या हेल्मेटवर आपटायचं.

पण 'धरा' आणि 'सोडा' हे शब्द मास्तरांच्या ओळखीचे होते. त्यांनी ते आपल्या पद्धतीने लावून घेतले. क्लच दाबताना मनात म्हणायचं, 'धरून ठेवा'. गिअर पडला की म्हणायचं, 'सोडा'. तिसऱ्या रविवारी गाडी न उडता निघाली. मेहुण्याने मागून पाठीवर थाप मारली आणि मास्तर त्या थापेने दचकून ब्रेक दाबून बसले.

सोमवारपासून खरी परीक्षा सुरू झाली.

पहाटेचं उजाडतंय न उजाडतंय तोवर मास्तर खाली यायचे. सीटवरचं दव फडक्याने पुसायचे. चोक ओढायचे. बटण दाबायचे. हिरवा दिवा लागला आहे ना, गाडी न्यूट्रलला आहे ना, हे एकदा दिव्याकडे बघून आणि एकदा गाडी मागेपुढे हलवून खात्री करायचे, कारण दिव्यावर त्यांचा भरवसा नव्हता. स्टँड वर घेतलं का? घेतलं. पुन्हा वाकून बघायचे. बायको गॅलरीत उभी असायची. ती हात हलवायची नाही. हात हलवला तर मास्तर हात वर करतील आणि पडतील असं तिला वाटायचं. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळून विरेपर्यंत ती ऐकत राहायची.

घर ते नवी इमारत, नऊ किलोमीटर. पहिले दोन गल्ल्यांतून. त्या गल्ल्यांत कुत्री होती, मास्तरांना वाटायचं की ती आपलीच वाट बघत बसलेली असतात. मग सरळ मोठा रस्ता. तिथे मास्तर डाव्या बाजूने, इतके डाव्या बाजूने चालवायचे की पेपर टाकणारे सायकलवाले त्यांना उजवीकडून ओलांडून जायचे. एकदा एका सायकलवाल्या म्हाताऱ्याने ओलांडता ओलांडता विचारलं, "काय हो, पत्ता शोधताय का?" एकदा वळल्यावर इंडिकेटर बंद करायला ते विसरले आणि चार किलोमीटर डावीकडे वळणार असल्याची जाहिरात करत सरळ गेले. मागचे लोक शिव्या देत होते. मास्तरांना कळेना, आपण तर काहीच केलं नाही.

आणि मग यायचा फाटा.

गावाचा रस्ता जिथे बायपासला छेदतो, तो फाटा. तिथे सिग्नल नव्हता. दोन्ही बाजूंनी ट्रक, टँकर, कंटेनर, त्यांच्यात जागा सापडेल तेव्हा दुचाकीवाले घुसायचे. घुसायचे हाच शब्द. मध्ये दुभाजक तोडून केलेली एक वाट होती, तिथे अर्ध्यात थांबता यायचं, म्हणजे पुढूनही ट्रक आणि मागूनही ट्रक. फाटा मास्तरांच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं केसपेपरवर तो त्यांनी वाचला होता. 'फाट्यावर पडले.' 'फाट्यावर धडक.' कुठे खड्डा आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण त्या खड्ड्याने किती मनगटं नेली हे माहीत होतं. इतर लोकांना तिथे रस्ता दिसायचा. मास्तरांना काळ्या फिल्मवरची पांढरी हाडं दिसायची, एकेक, ओळीने.

फाटा ओलांडून इमारतीच्या आवारात शिरले, की ते गाडी लावून तशीच दोन मिनिटं सीटवर बसायचे. डोकं गरगरायचं. छातीत धडधडायचं, तोंडाला कोरड, बोटांच्या टोकांना मुंग्या. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं, हृदयाचंच काहीतरी आहे. कुणाला न सांगता त्यांनी शेजारच्या खोलीत ईसीजी काढून घेतला. तो इतका चोख निघाला की काढणारी पोरगी म्हणाली, "मास्तर, हा फ्रेम करून लावा."

हेल्मेट काढून मास्तर आत गेले की सगळे कौतुक करायचे. "आता काय बाबा, मास्तर बाइकवाले!" "मास्तर, जॅकेट घ्या आता एक, चामड्याचं." मास्तर हसायचे. भीती वाटते हे एकदाही त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं नाही. दुपारी तीनला ड्यूटी संपायची, त्या वेळी वाहतूक थोडी विरळ असायची, तरी दोन वाजल्यापासूनच त्यांचं लक्ष घड्याळाकडे जायचं. बायकोने एकदा विचारलं, "जमतंय का हो?" तर म्हणाले, "लोण्यासारखी चालते." रात्री झोपेत त्यांचा डावा हात मिटायचा आणि उघडायचा. बायकोने ते पाहिलं होतं.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी गाडी दुभाजकाच्या वाटेत बंद पडली.

चूक त्यांचीच होती. थांबताना पहिल्या गिअरमध्ये यायला हवं होतं, ते तिसऱ्यातच राहिले होते. जागा दिसली, त्यांनी मनात 'सोडा' म्हटलं, क्लच सोडला, गाडीने एक गचका दिला आणि पुढचं चाक अर्धं बायपासवर घेऊन ती गप्प झाली. डावीकडून टँकर येत होता. मास्तरांनी बटण दाबायच्या ऐवजी हॉर्न दाबला. टँकरनेही हॉर्न दाबला. तो हॉर्न कानातून आत शिरला आणि छातीच्या पिंजऱ्यात जाऊन बसला. मास्तरांनी दोन्ही पायांनी जमीन रेटून गाडी मागे ओढली, एक हात, दोन हात, आणि टँकर समोरून गेला. त्याच्या वाऱ्याने त्यांच्या हेल्मेटची काच आपोआप खाली पडली.

त्यानंतर त्यांनी फाटा कसा ओलांडला, कुणामागून ओलांडला, त्यांना आठवेना. सातला पाच कमी असताना ते मशीनसमोर उभे होते, अंगावर कोट होता, आणि बाहेर पहिला पेशंट बसला होता.

पहिला पेशंट म्हणजे एक बाई होत्या, सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. तीन आठवड्यांचा खोकला. छातीचा फोटो काढायचा होता.

"अहो फोटोवाले, कुठे उभी राहू?"

"इथे, बोर्डाला छाती टेकवा. हनुवटी वर. हात कमरेवर. कोपरं पुढे करा. अजून थोडी. छान."

"वर्गात मी पोरांना अशी उभी करायचे," बाई बोर्डाला तोंड लावून म्हणाल्या. "शिक्षा म्हणून."

मास्तर काचेमागे गेले. "श्वास घ्या. खोल." बाईंनी घेतला. "धरून ठेवा." मास्तरांनी बटण अर्धं दाबलं, आतली चकती घुर्रर्र फिरली, पूर्ण दाबलं, टिक. चित्र पडद्यावर यायला लागलं. आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेर, बायपासवर, एका टँकरने हॉर्न दिला.

तो टँकर वेगळा असणार. पण मास्तरांच्या दृष्टीने तो तोच होता. त्यांचं बोट बटणावरच राहिलं. पडद्यावर दोन्ही फुप्फुसं उमटली, फासळ्या उमटल्या, हृदयाची सावली उमटली, आणि मास्तर त्या फासळ्यांकडे बघत होते, पण त्यांना दुभाजकाची वाट दिसत होती, पुढचं चाक दिसत होतं.

बाई उभ्या होत्या. हनुवटी वर, हात कमरेवर. त्यांना कुणी 'सोडा' म्हटलं नव्हतं.

अर्धं मिनिट तरी गेलं असेल. मग बाईंना असा खोकला फुटला, की त्या बोर्डाला धरून खालीच बसायला लागल्या. मास्तर भानावर येऊन धावले. त्यांनी बाईंना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुम्ही सोडा म्हणालाच नाहीत!" आवाज फुटला तसं बाई म्हणाल्या. "मेले असते की मी इथे, आज्ञाधारकपणे!"

"चुकलं माझं. बाई, खरंच चुकलं." मास्तर म्हणाले. बावीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. लहान मुलं, बेशुद्धीच्या काठावरची माणसं, बहिरे आजोबा, सगळ्यांना त्यांनी वेळेवर 'सोडा' म्हटलं होतं. रस्त्यावरची भीती रस्त्यावर राहील असा त्यांचा हिशेब होता. आज ती त्यांच्यामागून आत आली होती, काचेच्या या बाजूला. उद्या ती आणखी काय विसरायला लावेल? एखाद्या बाईला दिवस गेलेत का ते विचारायचं विसरलो तर? डावा हात म्हणून उजवा काढला तर?

ते बाईंना म्हणाले, "तुम्ही तक्रार केलीत तर मी काही म्हणणार नाही."

"तक्रार कशाला?" बाईंनी पदराने डोळे पुसले. "पोरांना 'गप्प बसा' सांगून मी 'आता बोला' म्हणायला विसरायचे. दुपारपर्यंत वर्ग गप्प. मला वाटायचं, काय शिस्त आहे!" त्या पाण्याचा घोट घेऊन मास्तरांकडे निरखून बघायला लागल्या. "पण तुम्ही विसरला नव्हता काही. मी बघत होते, मान जरा वळवून. काचेतून दिसत होतं. तुम्ही पण धरला होता."

"काय?"

"श्वास. माझ्याबरोबर तुम्ही पण धरलात, आणि सोडलाच नाहीत. तुमचं तोंड माझ्यापेक्षा लाल झालं होतं."

सवयीने पेशंटबरोबर आपणही श्वास धरतो, हे मास्तरांना माहीत होतं. बहुतेक एक्स-रेवाले धरतात. पण मग क्लच? मनात 'धरून ठेवा' म्हणत ते दिवसात शंभर वेळा क्लच धरायचे. गल्लीत, वळणावर, कुत्र्यापाशी, फाट्यावर. म्हणजे सकाळपासून इथपर्यंत आपण... त्यांना गरगरणारं डोकं आठवलं, मुंग्या आठवल्या, तो चोख निघालेला ईसीजी आठवला. घरापासून इस्पितळापर्यंत हा माणूस जवळजवळ श्वासच घेत नव्हता.

"कसली भीती वाटते तुम्हाला?" बाईंनी विचारलं. पोराला पाठ आला नाही की ज्या आवाजात विचारतात त्या आवाजात.

इतके दिवस ज्याचा उच्चार बायकोपुढेही झाला नव्हता, तो शब्द मास्तर एका अनोळखी बाईपुढे बोलून गेले. "मोटारसायकलची."

"कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"तुम्ही लोक पेशंटला विचारता ना, कुठे दुखतं, बोट ठेवून दाखवा? तसं दाखवा की."

मास्तरांनी विचार केला. घरातून निघतानाची भीती, ती कशाची होती? फाट्याची. सरळ रस्त्यावर ते इतके हळू का जायचे? फाटा लवकर येऊ नये म्हणून. दोन वाजल्यापासून घड्याळ का बघायचे? "फाट्यावर," ते म्हणाले.

"केवढा आहे फाटा?"

"या बाजूपासून त्या बाजूपर्यंत... दीडशे, दोनशे पावलं."

"आणि तुम्ही येता कुठून?"

"नऊ किलोमीटरवरून."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. "बघा बाई," त्या स्वतःलाच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या, आणि उठल्या. बाहेर जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, "फोटो तरी चांगला आलाय का माझा?"

फोटो उत्तम आला होता.

त्या दिवशी दुपारी मास्तरांनी रेकॉर्ड रूमसाठी अर्ज लिहिला. आजचं बाईंवर निभावलं, उद्याचं कुणावर निभावेल? मशीनजवळ भित्रा माणूस नको, हे त्यांनी स्वतःच स्वतःला सांगितलं. अर्ज चार ओळींचा होता, तो लिहायला त्यांना पाऊण तास लागला. शुक्रवारी महिना संपत होता, मॅडम त्याच दिवशी पुढच्या महिन्याचा ड्यूटी तक्ता लावणार होत्या. अर्ज घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला.

बुधवारी आणि गुरुवारी ते श्वास घ्यायला शिकले. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण शिकावं लागलं. क्लच धरताना तोंडाने मोठ्याने 'एक, दोन' म्हणायचं. बोलत असलं की श्वास धरता येत नाही. हेल्मेटच्या आत त्यांचा आवाज घुमायचा. गरगरणं कमी झालं. भीती तेवढीच राहिली. उलट आता डोकं स्वच्छ असल्याने ती जास्त नीट दिसायला लागली. गुरुवारी त्यांनी फाटा ऊस वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या आडोशाने ओलांडला, त्याच्याच वेगाने, त्याला जवळजवळ चिकटून. पलीकडे गेल्यावर ट्रॅक्टरवाल्याने वळून विचारलं, "टोचन बांधून ओढू का काका?"

शुक्रवारी सकाळी धुकं होतं.

मास्तर फाट्यावर पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. ट्रकचे दिवे धुक्यातून आधी पिवळे डाग म्हणून दिसायचे, मग एकदम ट्रक व्हायचे. मागे चार-पाच दुचाकीवाले येऊन थांबले. "चला काका!" "अहो, निघा की!" कुणी हॉर्न वाजवला. एकजण मास्तरांच्या बाजूने घुसला, दुसरा त्याच्यामागून घुसला, एक कंटेनर करकचून ब्रेक मारत गेला, आणि ते दोघे पलीकडे पोचलेही. मास्तरांचा डावा हात क्लचवर होता. एक, दोन. एक, दोन. जागा आली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. आपण निघणार नाही, हे त्यांना कळलं. आज नाही, उद्या नाही. खिशातल्या अर्जाची कडा छातीला टोचत होती.

बोट ठेवून दाखवा. हे इथे आहे. इथून तिथपर्यंत. एवढंच.

आणि त्यांच्या डोक्यात अगदी साधा प्रश्न आला: हा रस्ता गाडीवर बसूनच ओलांडला पाहिजे असं कुणी सांगितलंय?

कुणीच सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ते रस्ते पायी ओलांडत आले होते. कुठे थांबायचं, किती अंतरावरच्या ट्रकला किती वेळ लागतो, कधी मागे फिरायचं, हे त्यांच्या पायांना येत होतं. हाताला क्लच आणि पायाला ब्रेक धरायला लावले की तेच पाय सगळं विसरायचे. मग आतापर्यंत का नाही उतरलो? उत्तर त्यांना लगेच मिळालं आणि त्याची त्यांना लाज वाटली. लोक बघतील. धडधाकट माणूस, चालू गाडी, आणि ढकलत नेतोय.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. ते खाली उतरले, हँडल धरलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला, पायी ओलांडणाऱ्या दोन बायकांच्या शेजारी नेऊन उभे राहिले.

"ए, काकांची गाडी बंद!" मागून कुणीतरी म्हणालं.

दुसरा म्हणाला, "काका, गाडीला चालायला शिकवताय का?"

हशा झाला. मास्तरांचे कान तापले. ते वळले नाहीत. त्यांनी सात ट्रक जाऊ दिले, एक टँकर जाऊ दिला. त्याने हॉर्न दिलाच, पण अंगावर शंभर किलोची चालू गाडी नव्हती. त्यांनी नुसतं एक पाऊल मागे घेतलं. दोन बायका निघाल्या. मास्तर त्यांच्याबरोबर निघाले. पायी चालताना गाडी जड लागत होती, खड्ड्यात पुढचं चाक अडलं, त्यांनी कंबर लावून रेटलं. दुभाजकाच्या वाटेत थांबले. पुढूनही ट्रक, मागूनही ट्रक. बायकांपैकी एकीने मागच्या सीटला हात लावला आणि म्हणाली, "थांबा, हा जाऊ दे." तो गेला. मग ते निघाले आणि पलीकडे पोचले.

फाटकावरच्या वॉचमनने त्यांना गाडी ढकलत येताना पाहिलं होतं. तो धावत आला. "मास्तर, पेट्रोल संपलं? प्लग गेला? मी बघू?"

खोटं बोलायची ही चांगली संधी होती. त्यांना प्लगच सुचत होता. "नाही," मास्तर म्हणाले. "सगळं ठीक आहे. मला फाट्यावर भीती वाटते. तेवढं अंतर मी उतरून येतो."

वॉचमनने फाटक जरा जास्तच उघडलं.

साडेसातपर्यंत ही बातमी अख्ख्या इमारतीत पसरली. ईसीजीवाली पोरगी हसू दाबत दारातून डोकावून गेली. चामड्याचं जॅकेट घ्या म्हणणाऱ्याने "मास्तर, पदयात्रा कशी झाली?" असं विचारलं. दुपारी मॅडमनी बोलावलं. टेबलावर पुढच्या महिन्याचा तक्ता होता, सकाळच्या रकान्यात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलेलं.

"आज गाडी ढकलत आलात म्हणे."

"फाट्यापुरती."

"बिघडलीये का?"

"नाही मॅडम. मी घाबरतो." मास्तरांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं होतं, तरी सोपं गेलं नाही. मग त्यांनी मंगळवारची गोष्टही सांगितली. बाई, धरलेला श्वास, न म्हटलेलं 'सोडा', सगळी. ते सांगितल्याशिवाय तक्त्याकडे बघायचं नाही असं त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. मॅडमचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी मंगळवारचा तो फोटो पडद्यावर मागवला आणि तपासला.

"हे पुन्हा झालं तर मी तुम्हाला विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "सरळ रेकॉर्ड रूममध्ये पाठवीन."

"हो."

"आणि रोज ढकलणार? पावसात? सगळे हसतात तरी?"

"रोज. मग पावणेसहाला निघावं लागेल, आता सहाला निघतो... म्हणजे निघायचो." मास्तरांची जीभ अडखळली. "सात म्हणजे पावणेसात धरा."

मॅडमनी पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. मग विचार बदलून ती परत घेतली आणि पेन दिलं. मास्तरांनी प्रश्नचिन्हावरच आपलं नाव लिहिलं. सकाळी गाडी रेटून दंड भरून आले होते, अक्षर वाकडं आलं. अर्ज खिशातच राहिला.

संध्याकाळी मेहुण्याला कुठून तरी कळलंच. तो शिडीसकट दारात हजर. "दाजी, अहो, मला लोक विचारतायत! मी शिकवलं तुम्हाला! पुढच्या रविवारी मी मागे बसतो, फाटा दहा वेळा ओलांडू, भीती कशी मोडते बघा."

"बस की," मास्तर म्हणाले. "पण फाट्यावर उतरायचं. एकाने ढकलायची, एकाने ट्रक बघायचे."

मेहुण्याने बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "तू ट्रक बघ. हे ढकलतील."

सोमवारी पावणेसहाला मास्तर निघाले. मोठा रस्ता त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये, रस्त्याच्या मध्यावर नाही पण अगदी कडेलाही नाही, असा पार केला. फाटा दिसायला लागला तशी त्यांच्या हाताच्या तळव्यांना घामाची धार लागली, नेहमीसारखीच. त्यांनी गाडी बाजूला घेतली, किल्ली फिरवली, उतरले. उजवीकडून एक लांबलचक कंटेनर येत होता, त्याच्यामागे दुसरा होता, आणि दुसऱ्याच्या मागे काय आहे ते दिसत नव्हतं. मास्तर हँडल घट्ट धरून उभे राहिले. वेळ होता. त्यांनी दोन्ही कंटेनर जाऊ दिले.